फटक्यापूर्वींची पारख

पावसाळा ओसरून मैदानावरचा चिखल वाळूं लागला, कीं कोल्हापुरांत फुटबॉलच्या हंगामाची चाहूल लागते. पेठापेठांतील तालमींच्या दारांत संध्याकाळीं माणसें जमतात. यंदा कोणता खेळाडू कोणत्या मंडळाकडे गेला, कोणाचा गुडघा बरा झाला, कोणाचा नाहीं, याची चर्चा चालते. आणि परगांवच्या माणसास नवल वाटावें इतक्या आस्थेनें संसारी, पोक्त गृहस्थ अठरा-वीस वर्षांच्या मुलांच्या पायांविषयीं बोलत असतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी हीं नांवें ज्याच्या कानांवर लहानपणापासून पडलेलीं नाहींत, त्यास या बोलण्यांतील आवेश कळणें कठीण. तालीम ही मूळची कुस्तीची. परंतु लाल मातींतल्या त्या संस्थेनें हा परदेशी खेळ असा कांहीं आपलासा केला, कीं १९४० सालीं कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाल्यानंतरच्या काळांत पेठेचा अभिमान मिरविण्याचें काम मल्लांबरोबर या अकरा-अकरा जणांकडेहि आलें. महाविद्यालयांची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. शिवाजी विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत उतरणारा मुलगा पुष्कळदां तोच असतो, जो पुढें शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेसाठीं खेळतो.

हंगामापूर्वींच्या या चर्चेंत एक प्रश्न हटकून निघतो, आणि तो निघाला म्हणजे बोलणारांचे आवाज किंचित् खालीं येतात. पेनल्टी कोणीं घ्यावयाची? टायब्रेकरची वेळ आलीच, तर पांच जण कोणते? आघाडी कोण संभाळील, बचावास कोण राहील, हे प्रश्न सबंध संघाचे आहेत. त्यांत एकाची चूक दुसऱ्याच्या धांवण्यानें झांकली जाते. पेनल्टी मात्र एकट्याची. चेंडू स्थिर, समोर एकच माणूस, आणि हजारों डोळे एकाच पायाकडे. म्हणून फटका घेणाऱ्यांची निवड करणें हें संघनिवडीचें एक कलम दिसत असलें, तरी त्याच्या पोटांत नीतिशास्त्रांतला एक जुना व अवघड प्रश्न दडलेला आहे. जी गोष्ट अद्याप घडलेलीच नाहीं, तिच्यासाठीं माणसाची किंमत न्यायानें ठरवितां येते काय? आणि ती गोष्ट घडून गेल्यावर, आपण पूर्वीं ठरविलेल्या किंमतीस आपण बांधलेले असतों काय?

प्रथम पारख कशी होते तें पाहूं. गोलाच्या दोन खांबांमधील अंतर २४ फूट, आडव्या दांडीची उंची ८ फूट, आणि चेंडू ठेवण्याची जागा गोलरेषेपासून १२ यार्डांवर. जोरानें मारलेला चेंडू हें अंतर अर्ध्या सेकंदाच्या आंत तोडतो; तेवढ्या वेळांत पाहून, ठरवून, झेंप घेणें मनुष्याच्या शरीरास जवळजवळ अशक्य असल्यामुळें गोलरक्षकास बहुधा फटका बसण्यापूर्वींच बाजू निवडावी लागते. म्हणून जाणता प्रशिक्षक केवळ जोर पाहत नाहीं. मुलगा चेंडूकडे येतांना त्याचा टेंकणीचा पाय कोणत्या दिशेस वळतो, त्याची नजर आधींच कोपऱ्याकडे जाऊन मनांतलें गुपित फोडते काय, त्यास दोन्ही बाजूंस सारख्याच खात्रीनें मारतां येतें काय, पावलें अडखळतात काय, हें तो पाहतो. प्रस्तुत लेखकानें एका महाविद्यालयाच्या सरावांत क्रीडाशिक्षकांस वही घेऊन बसलेले पाहिलें आहे. प्रत्येक मुलास दहा फटके. कोणाच्या नांवापुढें आठ, कोणाच्या सात, एकाच्या नऊ, आणि एका उंच, सुरेख खेळणाऱ्या मुलाच्या नांवापुढें पांच. मग त्यांनीं उरलेल्या सर्व मुलांस गोलामागें उभें करून आरडाओरडा करण्यास सांगितलें, आणि पुन्हां दहा-दहा फटके घेतले. आकडे बदलले. नवाचे सहा झाले आणि पांचाचे आठ. शिक्षकांनीं दोन्ही आकडे लिहून घेतले, वही मिटली, आणि कोणाची निवड झाली तें त्या दिवशीं सांगितलें नाहीं. मला हें वागणें फार शहाणपणाचें वाटलें.

कारण दहा फटक्यांचा आकडा दिसतो तितका बोलका नसतो. मोठमोठ्या व्यावसायिक सामन्यांत सुमारें चारांपैकीं तीन पेनल्ट्या गोलांत जातात, असा सर्वसाधारण अनुभव आहे. आतां ज्याचें खरें कसब बरोबर इतकेंच आहे असा एक मुलगा घ्या. त्याला रोज संध्याकाळीं दहा फटके मारावयास लावलें, तर निव्वळ योगायोगाच्या हिशेबानें चार संध्याकाळींपैकीं जवळजवळ एकीस तो नऊ किंवा दहा गोल करील, आणि जवळजवळ तितक्याच वेळां सहा किंवा त्याहूनहि कमी. मुलगा तोच, पाय तोच, मनहि तेंच. म्हणजे एका संध्याकाळच्या वहीवरून ज्यास आपण हुकमी म्हणून निवडलें आणि ज्यास कच्चा म्हणून वगळलें, ते दोघे कसबानें अगदीं समान असूं शकतात. सातवाला आणि आठवाला यांतील खरा भेद आंकड्यानेंच सिद्ध करावयाचा झाला, तर प्रत्येकाचे शेंकडों फटके मोजावे लागतील. आणि तितके मोजून होईतों हंगाम संपलेला असेल, कदाचित् मुलगा पदवीधर होऊन नोकरीस लागलेला असेल.

तेव्हां पारख करणारा आंकड्यापलीकडे जाऊन मनाची परीक्षा पाहूं लागतो. या परीक्षेचा आपल्याकडील आदर्श आदिपर्वांत आहे. द्रोणाचार्यांनीं झाडावर कृत्रिम पक्षी बसवून शिष्यांस एकेक करून बोलाविलें, आणि काय दिसतें असें विचारलें. ज्यास झाड दिसलें, आचार्य दिसले, बंधु दिसले, त्यास त्यांनीं बाण सोडूंच दिला नाहीं. ज्यास पक्ष्याच्या मस्तकावांचून कांहीं दिसेना, त्या अर्जुनासच आज्ञा मिळाली. ही कथा आपण मुलांस एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतों. परंतु निवड करणाऱ्याच्या दृष्टीनें पाहिलें, तर तींत एक विलक्षण गोष्ट आहे. द्रोणांनीं नेम पाहिलाच नाहीं. युधिष्ठिराचा बाण लागला असता कीं नाहीं, हें जगास कधींच कळलें नाहीं. त्यांनीं फळ येण्यापूर्वींच, केवळ कर्त्याच्या चित्ताची स्थिति पाहून निकाल दिला. इतकी शुद्ध पारख क्वचितच झाली असेल. आणि तरीहि त्याच महाभारतांत पुढें कुरुक्षेत्रावर, दोन्ही सैन्यांच्या मध्यें रथ उभा असतां, हाच अर्जुन गांडीव हातांतून निसटत असल्याचें सांगून मटकन् खालीं बसतो. त्या क्षणीं त्यास पक्ष्याचें मस्तक दिसत नव्हतें. आजोबा दिसत होते, गुरु दिसत होते, भाऊ दिसत होते. द्रोणांची परीक्षा खोटी होती काय? मुळींच नाहीं. परंतु झाडावर बसविलेला पक्षी कोणाचा कोणी नव्हता. सरावाच्या मैदानावर आपण ज्याची परीक्षा घेतों, तो आणि प्रसंगीं उभा राहणारा, यांच्या मध्यें प्रसंग हाच एक नवा माणूस येऊन उभा असतो, आणि त्याची ओळख आधीं करून घेण्याची सोय ईश्वरानें ठेवलेली नाहीं.

आतां टायब्रेकर म्हणजे काय याचा विचार करूं. पेनल्टीचा नियम मॅक्रम नांवाच्या एका आयरिश गृहस्थानें सुचविला. तो स्वतः गोलरक्षक होता, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १८९१ सालीं तो नियम मान्य झाला, तेव्हां इंग्लंडांतील कांहीं खानदानी खेळाडूंस तो अपमान वाटला. सभ्य माणूस मुद्दाम अपराध करतो, असें नियमानें गृहीत धरलें म्हणून. म्हणजे मूळ पेनल्टी ही शिक्षा होती. समोरच्यानें कांहींतरी केलें होतें. परंतु १९७० सालीं बरोबरींतील सामना निकालांत काढण्यासाठीं तिचा उपयोग होऊं लागला, तेव्हां अपराध नाहींसा होऊन केवळ शिक्षा उरली. तत्पूर्वीं अशा वेळीं नाणें उडवीत. १९६८ च्या युरोपीय स्पर्धेंत इटली आणि सोव्हिएट रशिया यांचा उपांत्य सामना नेपल्स येथें नाण्यावर सुटला व इटली अंतिम फेरींत गेली. नाण्याचा निकाल अन्यायाचा वाटे, आणि तो होताहि. परंतु त्यांत एक दया होती. हरल्यावर रशियांत कोणासहि एका खेळाडूकडे बोट दाखवून ‘तुझ्यामुळें’ असें म्हणतां येत नव्हतें. टायब्रेकरनें दैवास माणसाचें नांव दिलें.

याचा हिशेब एकदां नीट मांडून पाहावा. चारांत तीन गोल करणारे पांच खेळाडू आपण निवडले, तर पांचहि जण यशस्वी होण्याचा संभव चौथ्या हिश्श्याहूनहि कमी आहे. चार वेळांपैकीं तीन वेळां आपल्या उत्तम पांचांतला कोणीतरी चुकावयाचाच. इतकेंच नव्हे; दोन्ही बाजूंचा एकहि फटका वायां गेला नाहीं, तर टायब्रेकर संपतच नाहीं, पुढें एकेक फटक्याची फेरी सुरू होते आणि कोणी चुकेपर्यंत चालते. निकाल लागण्यास चुकणारा मनुष्य आवश्यक आहे. खेळाच्या नियमानेंच एका मुलाच्या अपयशाची जागा आधीं राखून ठेवलेली असते. फक्त नांव भरावयाचें असतें. हंगामापूर्वीं ज्या यादींत आपण पांच नांवें लिहितों, ती एका अर्थानें या रिकाम्या जागेसाठीं पाठविलेल्या उमेदवारांची यादी असते. ती लिहितांना हात थोडा थांबावा.

नांव भरलें गेल्यावर लोक काय करतात, याचें उदाहरण जगानें १९९४ सालीं अमेरिकेंत पाहिलें. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत इटलीच्या रोबेर्तो बाज्जोचा फटका दांडीवरून गेला आणि ब्राझील जिंकलें. बाद फेरींत नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध एक व बल्गेरियाविरुद्ध दोन असे पांच गोल करून याच बाज्जोनें इटलीस तेथवर आणलें होतें. त्या दिवशीं त्याच्या आधीं बारेसी आणि मास्सारो हेहि चुकले होते. बाज्जोचा फटका गोलांत गेला असता, तरी ब्राझीलचा पांचवा फटका शिल्लक होता. हें सर्व छापलेलें आहे, कोणीहि वाचावें. परंतु लोकांच्या स्मरणांत मान खालीं घालून उभा असलेला एकटा बाज्जोच राहिला. याच्या उलट २०२१ चा युरोपीय अंतिम सामना पाहा. लंडनच्या वेंब्ली मैदानावर इटलीच्या जोर्जिन्योकडे असा फटका आला, कीं तो गोलांत जातांच सामना संपावा. गोलरक्षकानें तो अडविला. पुढच्याच फटक्यास इंग्लंडचा एकोणीस वर्षांचा बुकायो साका चुकला, इटली जिंकली, आणि जोर्जिन्योची चूक चूक म्हणून उरलीच नाहीं. साकास, आणि त्याच्यापूर्वीं चुकलेल्या रॅशफर्ड व सँचो यांस, त्यांच्या वर्णावरून किळसवाणी शिवीगाळ सोसावी लागली. दोन माणसांनीं एकामागून एक तीच कृति केली, दोघांसहि तेंच फळ मिळालें, आणि एकास पदक व दुसऱ्यास शिव्या मिळाल्या. भेद काय तो एवढाच, कीं एकाच्या मागून दुसरा कोणी चुकला व दुसऱ्याच्या मागून कोणी राहिला नाहीं.

कृतीची योग्यता फळावरून ठरवावी कीं कर्त्याच्या बुद्धीवरून, हा वाद आपणांस नवा नाहीं. लोकमान्यांनीं ‘गीतारहस्या’चा मोठा भाग त्यासाठींच खर्ची घातला आहे, आणि बाह्य परिणाम मोजून नीति ठरविणाऱ्या पाश्चात्य पक्षाचें खंडन करून कर्त्याची बुद्धि हीच श्रेष्ठ कसोटी होय असें प्रतिपादिलें आहे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट यानेंहि १७८५ त हेंच निराळ्या मार्गानें सांगितलें. परंतु ॲडम स्मिथ या व्यवहारज्ञ स्कॉटिश पंडितानें १७५९ सालींच एक कबुली देऊन ठेवली होती, ती अशी, कीं तत्त्व म्हणून सर्वांस हें पटतें आणि प्रत्यक्ष प्रसंग आला म्हणजे कोणीच तसें वागत नाहीं. दैवाची आपल्या मनोभावनांवर सत्ता चालते. अलीकडे, १९७६ सालीं, बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनीं हाच प्रश्न पुन्हां ऐरणीवर घेतला. दोन वाहनचालक सारखेच बेफिकीर. एकाच्या वाटेंत मूल आलें, दुसऱ्याच्या आलें नाहीं. पहिल्यास आपण मनुष्यवधाचा दोष देतों, दुसऱ्यास फार तर दंड करतों. तर्कानें पाहतां हें टिकत नाहीं. आणि टाकूं म्हटलें तर टाकतांहि येत नाहीं.

याचें उत्तर प्रस्तुत लेखकाजवळ आहे असें नाहीं. परंतु कोल्हापुरांतच घडलेली एक गोष्ट येथें उपयोगी पडेल. खाशाबा जाधव राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकांत ते सहावे आले होते. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं पैशाची अडचण पडली, तेव्हां राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनीं कांस्यपदक जिंकलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज ही हकीकत सांगतांना प्रत्येकाचा ऊर भरून येतो, तो रास्तच आहे. पण क्षणभर असें समजा, कीं खाशाबा पहिल्याच फेरींत हरून परतले असते. प्राचार्यांचा निर्णय तोच, घर तेंच, कर्ज तेंच. मग आपण काय म्हटलें असतें? भाबडा गृहस्थ, प्रपंचाचा विचार न करणारा, असेंच ना? वास्तविक खर्डेकरांच्या थोरपणाचा क्षण हेलसिंकीच्या गादीवरचा नाहींच; तो गहाणखताच्या कागदावरचा आहे. त्या वेळीं पदक कोठेंच नव्हतें. होती ती आपल्या विद्यार्थ्याची चार वर्षांची पाहणी, आणि त्या पाहणीवर स्वतःचें छप्पर टांगण्याची तयारी.

पारख आणि भाकीत यांतील भेद मला येथें दिसतो. भाकीत करणारा काय होईल तें सांगतो, आणि चुकला तर हसून सोडून देतो. त्याचें कांहीं जात नाहीं. पारख करणारा मात्र, हा मुलगा विश्वासास पात्र आहे, असें म्हणतो, आणि त्या म्हणण्याखालीं सही करतो. यादींत नांव लिहिणें हें साकाच्या किंवा पेठेंतल्या एखाद्या पोराच्या भवितव्याचें वर्तविणें नसून, ‘याचा फटका तो आमचा फटका’ असें दिलेलें वचन आहे. फटका वायां गेला म्हणून वचन उलटत नाहीं; उलट तें वापरावयाची वेळ तीच असते. जो शिक्षक हंगामापूर्वीं ‘हाच आमचा हुकमी’ म्हणतो आणि सामन्यानंतर ‘मला आधींपासूनच शंका होती’ असें पुटपुटतो, त्यानें पारख केलीच नव्हती; त्यानें फक्त आपला कातडीबचाव आधींच शिवून ठेवला होता.

यावर कोणी विचारील, कीं मग चुकणाऱ्यास दोष कधींच द्यावयाचा नाहीं काय? द्यावयाचा, परंतु ज्या गोष्टी त्याच्या हातच्या होत्या त्यांबद्दल. सरावास दांडी मारली असेल, पायास दुखापत असून ती लपविली असेल, किंवा गोलरक्षकाची फजिती करून टाळ्या मिळविण्याच्या हौसेनें सोपा फटका नाटकी केला असेल, तर तो गोलांत गेला तरीहि कान उपटणें प्रशिक्षकाचें कर्तव्य आहे. हें मात्र आपण कधीं करीत नाहीं. गोल झाला कीं नाटकासहि शाबासकी मिळते. आणि दोषाचा आणखी एक धनी असतो, तो तर कोणाच्या दृष्टीसच पडत नाहीं. पांच नांवें ठरविण्याच्या वेळीं जो बुटाची नाडी बांधण्याच्या मिषानें खालीं वाकून बसला, तो. अंगांत कसब असून तो पुढें आला नाहीं, आणि म्हणून तो कधींच चुकला नाहीं. प्रेक्षकांच्या हिशेबीं त्याची पाटी कोरी, म्हणजे स्वच्छ. चुकणाऱ्यास शिव्या देणारा समाज नकळत अशा वाकून बसणारांचीच पैदास वाढवितो.

गोलरक्षकाच्या बाबतींत याची एक गमतीदार साक्ष आहे. इस्रायलमधील कांहीं संशोधकांनीं २००७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत २८६ पेनल्ट्या तपासल्या. गोलरक्षकानें मधोमध उभें राहणें हाच सर्वांत फायद्याचा मार्ग असल्याचें त्यांस आढळलें. परंतु शंभरांत सुमारें सहाच वेळां गोलरक्षक उभे राहिले होते. बाकी सर्व वेळां त्यांनीं डावीकडे किंवा उजवीकडे झेंप घेतली. कारण उघड आहे. झेंप घेऊन गोल झाला, तर ‘बिचाऱ्यानें प्रयत्न केला’. उभा राहून गोल झाला, तर ‘नुसता बघत राहिला’. लोकांच्या बोलण्याचें भय माणसास असें चुकीच्या बाजूस उडी मारावयास लावतें.

आमच्या गांवची गोष्ट बोलावयाची तर तींत अभिमान आणि खंत दोन्ही आहेत. सांगलीकडच्या किंवा पुण्याकडच्या माणसास हेवा वाटावा इतकें प्रेम कोल्हापूरकर या खेळावर करतात. याच मातींतला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकांत भारताकडून खेळला, तेव्हां तो सबंध गांवाचा मुलगा झाला. परंतु शाहू स्टेडियमवर टायब्रेकर सुरू झाला, कीं याच प्रेमास दांत फुटलेले दिसतात. फटका अडविला गेलेल्या मुलास समोरच्या पेठेचे लोक चिडवितात, तें एक वेळ खेळाचा भाग म्हणून सोडून देऊं. पण स्वतःच्या पेठेंतले लोक त्यास पुढें आठवडाभर जें ऐकवितात, त्यास काय म्हणावें? तो मुलगा दुसऱ्या दिवशीं त्याच गल्लींतून दूध आणावयास जातो. महाविद्यालयांत त्याच बांकावर बसतो. बाज्जोस निदान मोठ्या घराच्या भिंती होत्या. येथें घराला लागून घर, आणि प्रत्येक कट्ट्यावर एक पंच. यापुढें आतां हातांतल्या फोनवर शिवी घरांतहि येऊं लागली आहे.

निवडणारानें पुढें यावें तें अशा वेळीं. वेंब्लीवरील पराभवानंतर इंग्लंडचे प्रशिक्षक साउथगेट यांनीं सांगितलें, कीं सरावांत जें पाहिलें त्यावरून फटके घेणारे मीं ठरविले, निर्णय माझा होता, दोष माझा. १९९६ सालीं त्याच मैदानावर जर्मनीविरुद्ध त्यांचा स्वतःचा फटका अडविला गेला होता. तेव्हां या वाक्याची किंमत त्यांस इतरांहून अधिक ठाऊक असावी. त्यांची निवड शहाणपणाची होती असें म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. रॅशफर्ड व सँचो यांस केवळ फटक्यांसाठीं अगदीं शेवटच्या घटकेस मैदानांत उतरविणें, खेळाचा घाम येण्यापूर्वीं त्यांस त्या जागीं उभें करणें, हें मला आजहि पटत नाहीं, आणि त्यांचे फटके गोलांत गेले असते तरी पटलें नसतें. परंतु निवड चांगली कीं वाईट हा एक प्रश्न. केलेल्या निवडीपाशीं उभें राहणें हा दुसरा. दुसऱ्यांत ते उतरले.

व्यवहाराचा प्रश्न उरतो तो पुढच्या यादीचा. चुकलेल्या मुलाचें नांव पुन्हां लिहावें काय? आमच्याकडे सामान्यतः तें खोडलें जातें; ‘त्याच्यावर दडपण नको’ असें दयेच्या भाषेंत खोडलें जातें, म्हणून अधिकच टोंचतें. माझ्या मतें विचारावयाचें तें एवढेंच: ज्या कारणांसाठीं तें नांव प्रथम लिहिलें होतें, त्यांतील एखादें कारण नाहींसें झालें आहे काय? टेंकणीचा पाय, दोन्ही बाजूंस मारण्याचें कसब, पुढें येण्याची तयारी हीं तशींच असतील, तर एका फटक्यानें वहींतील शेंकडा फटके खोटे ठरत नाहींत. मुलगा स्वतः नको म्हणाला तर गोष्ट निराळी; मग त्यास थोडा वेळ द्यावा, आणि पुन्हां विचारावें.

तीन वर्षांनीं, २०२४ च्या जुलै महिन्यांत, जर्मनींत ड्युसेलडॉर्फ येथें इंग्लंड आणि स्वित्झर्लंड यांचा सामना पुन्हां टायब्रेकरवर गेला. प्रशिक्षक साउथगेटच होते, आणि त्यांच्या पांचांच्या यादींत साकाचें नांव होतें. त्याचा फटका गोलांत गेला. इंग्लंडचे त्या दिवशीं पांचहि गेले. अडला तो एकच, स्वित्झर्लंडचा पहिला फटका. तो अकांजी नांवाच्या बचावपटूनें घेतला होता.